दुसरी कोठी

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेनऊपर्यंत चार वेळा. कंपनीची बस सोडून दिली, स्कूटरने गेलो. बसमध्ये "जरा थांबवा" म्हणायची पाळी आली तर या वयात तोंड कुठे लपवू?

डॉक्टर म्हणाले, रोज काय खाता आणि काय होतं ते लिहा. कंपनीतलं ब्रेकडाऊनचं एक कोरं रजिस्टर पडलं होतं, त्यातच लिहितोय. अठ्ठावीस वर्षं मशिनं का बंद पडतात ते लिहीत आलो. आता स्वतःवर वेळ आली.

मशीन: अविनाश, वय ५४. तक्रार: दिवाळीपासून पोटात कळ, जुलाब, गुरगुर. वजन अडुसष्टचं बासष्ट. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली.

पुढे नुसता आकडा लिहीन. आकडा म्हणजे किती वेळा जावं लागलं ते.

अण्णांचंही असंच सुरू झालं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, जाऊन एकवीस वर्षं झाली. आज एवढंच.

१४ जानेवारी, बुधवार. उत्तरायण (इकडची संक्रांत)

५.

आमचं अख्खं कारेलीबाग गच्चीवर. मी गच्ची-जिना-संडास, गच्ची-जिना-संडास. एकही पतंग उडवला नाही, फिरकी धरली तीही अर्धवट. शेजारच्या जशुबेन ऊंधियुं-जलेबी घेऊन आल्या, हात लावला नाही. त्यांचा उपाय: दह्यात इसबगोल. साडूचा फोनवरून उपाय: कुटजारिष्ट. खालच्या मजल्यावरच्यांचा: बेलाचा मुरंबा. पोट माझं, पण मतं अख्ख्या सोसायटीची.

आईचा निकाल: "भात बंद कर. भाताने ताकद येत नाही. गहू अंगाला लागतो. गरम फुलका आणि मुगाचं वरण, बाकी काही नाही."

खाण्याच्या बाबतीत घरात आईचा शब्द शेवटचा. वय एकोणऐंशी, पण स्वयंपाकघर अजून तिचंच. तिला स्वतःला दात नाहीत म्हणून मऊ भात. सुनंदाला साखर म्हणून ज्वारीची भाकरी. म्हणजे पोळ्या खाणारा मी एकटा. तरी आई रोज माझ्या आठ पोळ्यांची कणीक स्वतः मळते.

१८ जानेवारी, रविवार

४, ४, ३, ५ (गुरुवारपासून).

दूध बंद करून चार दिवस. चहा काळा. फरक शून्य. दूध चालू, तिखट बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फॉल्ट कुठे आहे ते कळतच नाही. हे मी नव्या मुलांना शिकवतो.

सुनंदा म्हणाली, "स्वतःला मशीन समजणं बंद करा, अर्धं पोट तिथेच बरं होईल." शाळेत शिकवून शिकवून तिला घरीही शेरे मारायची सवय लागली आहे.

२१ जानेवारी, बुधवार

डॉक्टर. रक्त ठीक, शौच तपासणी ठीक, थायरॉईड ठीक, सोनोग्राफी ठीक. सगळं ठीक असलेला माणूस सहा किलो उतरत नाही.

"टेन्शन बहु लो छो?"

मी म्हटलं, नाही. इतक्या जोरात म्हटलं की त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग विचारलं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? वडील कशाने गेले?

मी म्हटलं, हार्ट.

सुनंदा सोबत नव्हती म्हणून खोटं बोलू शकलो. अण्णा आतड्याच्याच कॅन्सरने गेले. आधी आठ महिने 'गॅस आहे, गॅस आहे' करत होते. खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी दुर्बीण घालायला पाठवलं असतं, आणि मग जे निघायचं ते निघालं असतं. न बघता चार दिवस तरी मिळतात. हे मूर्खपणाचं आहे हे मला कळतं. बेअरिंग वाजतंय आणि मी कव्हर उघडत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

४.

सुट्टी. आईने गव्हाची लापशी केली. त्यात मीठ दोनदा पडलं. सुनंदाने माझ्याकडे बघितलं, मी खाऊन टाकली. आईचं लक्ष नाही हल्ली. जेवताना तीनदा उठून गॅस बंद आहे का बघून आली. माझ्या काळजीने असं होतं तिला. तिने अण्णांचं सगळं काढलंय ना.

७ फेब्रुवारी, शनिवार

मंगळवार ते शुक्रवार करजणला होतो. तिथल्या एका कारखान्यात आमचा पंप बंद पडला होता, तो चालू करून आलो. आकडे: २, १, १, १.

चार दिवस हायवेवरच्या हॉटेलात जेवलो. दाल फ्राय, भात, बाजरीचा रोटला, एकदा तर भजी. पोट गार! शुक्रवारी सकाळी गेस्ट हाऊसच्या आरशात बघून शीळ घातली.

घरी आलो. आईने ताट मांडलं. "बाहेरचं खाऊन पोटाचं वाटोळं झालं असेल, आता दोन दिवस नुसते फुलके खा."

९ फेब्रुवारी, सोमवार

५.

म्हणजे डॉक्टर बरोबर. घरी टेन्शन असतं, बाहेर नसतं. सुनंदाला तसं म्हटलं.

"म्हणजे टेन्शन कोण? मी की आई?"

मी पेपर उघडला. त्यानेच जास्त भडका उडाला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वजन ५९.५.

सकाळी लाल दिसलं. दहा मिनिटं तिथेच बसून राहिलो. मग आठवलं, काल बिटाची कोशिंबीर खाल्ली होती. बहुतेक बीटच. नक्की माहीत नाही.

सुनंदाला सांगितलं. लाल दिसल्याचं सांगितलं, आणि डॉक्टरांशी खोटं बोलल्याचंही. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही मला विधवा करायला निघालात आणि तेही भित्रेपणाने?" मग रडली. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो, काय करावं कळेना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुनंदा सोबत. डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. हे आधीच सांगायचं होतं, एवढंच म्हणाले: "आ पहेलां कहेवानुं हतुं ने, साहेब."

शुक्रवारी कोलोनोस्कोपी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आकडा लिहिण्यात अर्थ नाही. पोट धुवायचं औषध दोन लिटर पाण्यात घालून पितोय. घोट घेतला की उलटी येते, थांबलं की उद्याचा विचार येतो.

आई शेजारी बसून बघत होती. "एवढं कशाला रे? तुम्हाला लहानपणी एक चमचा एरंडेल दिलं की काम व्हायचं." रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल पाजायची ती, वर लगेच गुळाचा खडा. अजून तो वास आठवला की अंगावर काटा येतो.

तिला उद्या काय आहे ते सांगितलेलं नाही. साधी तपासणी म्हटलंय. अण्णांच्या वेळीही आम्ही हेच म्हटलं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. गाठ नाही, जखम नाही, काहीही नाही. खबरदारी म्हणून बारीक तुकडे घेतलेत तपासायला, पण डॉक्टर हसून बोलले.

पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लागेना. सुनंदाने किल्ली काढून घेतली आणि मला मागे बसवलं. फतेगंजपर्यंत रडत गेलो, हेल्मेट होतं म्हणून बरं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तुकड्यांचा रिपोर्टही चांगला.

तपासणीनंतर पाच दिवस डॉक्टरांनी मऊ खिचडीवर ठेवलं होतं. १, १, १, १, १. काल आईने आनंदाने पोळ्या केल्या, तूप लावून. आज ४.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, गहू बंद करून बघा. कुणाकुणाला गहू पचत नाही.

आईला सांगितलं तर तिने पोळपाट आपटला. "चोपन्न वर्षं पचला आणि आता पचेना? माझ्या गव्हात काय वाईट आहे?" संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

२ मार्च, सोमवार

कँटीनमध्ये सेव-उसळ घेतली. सोबत चार पाव खाल्ले. खाऊन झाल्यावर लक्षात आलं, पाव म्हणजे गहूच की. घाबरून दिवसभर वाट बघितली. काही नाही.

परत मुद्दाम उद्या खाऊन बघणार.

३ मार्च, मंगळवार

सहा पाव. आकडा १.

पाव चालतो, पोळी चालत नाही. गहू चालतो, आमचा गहू चालत नाही. रजिस्टर मागे उलटून वाचलं. करजणला चार दिवस पोळी नाही, पोट बरं. खिचडीचे पाच दिवस पोळी नाही, पोट बरं. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. बाहेरचं खाऊन बरा आणि घरचं खाऊन आजारी, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच येणार नाही. माझ्याही आलं नाही. दूध तपासलं, तिखट तपासलं, डोकं तपासलं, कच्चा माल तपासला नाही. नव्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

५ मार्च, गुरुवार

दळणाचा डबा मीच घेऊन पिठाच्या घंटीवर, म्हणजे गिरणीत, गेलो. एरवी सुनंदा शाळेत जाताना टाकते. घंटीवाल्या भरतभाईंनी गव्हात हात घातला आणि बोटं चोळत माझ्याकडे बघितलं.

"साहेब, आटलुं बधुं दिवेल? मारो पथ्थर चोंटी जाय छे. बेनने बे वार कह्युं."

गव्हाला एवढं तेल, की त्यांचा दगड चिकटून जातो, आणि हे बेनना दोनदा सांगितलंय म्हणे. घरी येऊन सुनंदाला विचारलं. तिला त्यांनी सांगितलं होतं खरं. पण तिने आईंना कसं सांगायचं म्हणून सोडून दिलं.

दिवेल म्हणजे एरंडेलच. इकडे वर्षाचा गहू भरताना कीड लागू नये म्हणून दाण्यांना दिवेलाचा हात देतात. आजीने तो प्रकार इथल्या शेजारणींकडून उचलला, आईने आजीकडून. दीड मणाला एक वाटी, त्याहून जास्त नाही. मग गहू पत्र्याच्या दोन कोठ्यांत भरायचा, एक संपली की दुसरी उघडायची. आमच्या पोळीला तो वास कायमचाच आहे. मी त्याला घराचा वास म्हणत आलोय.

सुनंदाला विचारलं, दुसरी कोठी कधी उघडली? म्हणाली, "भाऊबीजेच्या सुमारास. का हो?"

मला दिवाळीपासूनच त्रास आहे.

८ मार्च, रविवार

आई जशुबेनकडे भजनाला गेली. मी आणि सुनंदाने दुसरी कोठी चादरीवर पालथी केली. तळाचे दाणे एकमेकांना चिकटलेले, पत्रा तेलाने ओला. एवढं तेल मी गिअरबॉक्सलाही घालत नाही.

आईची पद्धत अशी, की आधी तळाशी कडुलिंबाचा पाला, त्यावर दिवेल दिल्याची तिथी लिहिलेली चिठ्ठी, मग गहू. कोठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तळाशी चिठ्ठ्या तीन निघाल्या.

वैशाख शु. ५.
वैशाख शु. १२.
वैशाख व. ५.

तिन्ही आईच्या अक्षरात. गेल्या मे महिन्यात आम्ही लेकीकडे पुण्याला तीन आठवडे होतो, आई एकटी होती.

सुनंदा खालीच बसली. म्हणाली, "दर वेळी अख्खी कोठी उपसली हो त्यांनी. एकट्याने. तपेलीने."

लापशीतलं मीठ. गॅस. जशुबेनची एकच बातमी आईने मला दिवसातून दोनदा सांगणं. मी सगळं माझ्या पोटाच्या खाती टाकत होतो.

गहू परत भरून ठेवला. चिठ्ठ्या या रजिस्टरमध्ये आहेत.

९ मार्च, सोमवार

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, रोज थोडं थोडं पोटात जात असेल तर असं होऊ शकतं, खात्रीने सांगता येणार नाही, बंद करून बघा. मग स्वतःच म्हणाले, "अने बा ने कोई ने बतावो." आईला कुणालातरी दाखवा.

खरं लिहितो. माझ्याच पोटात काही निघालं असतं तर सोपं गेलं असतं. त्याला कापता येतं, औषध घालता येतं. आईच्या डोक्याचं मी काय करू?

१५ मार्च, रविवार

१. सगळा आठवडा १.

आई दळणाचा डबा भरून देते. मी तो घेऊन निघतो, भरतभाईंकडून त्यांचा गहू दळून आणतो. आमचा गहू कंपनीतल्या माळ्याला देतो. त्याच्या गाईंनाही थोडाथोडाच घाल म्हणून बजावलंय. आईने त्या पिठाच्या पोळ्या केल्या, वास घेतला, काही बोलली नाही.

सुनंदा: "किती दिवस हे नाटक?"

"पोट बरं आहे ना माझं?"

"मी पोटाबद्दल बोलत नाहीये. काल गॅस चालू राहिला होता. मी घरात होते म्हणून. उद्या नसेन."

बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसलो.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

१. वजन ६१.

आईने पुरणपोळी केली. तीन खाल्ल्या. ती समोर बसून बघत होती. जशुबेनना सांगत होती, "डॉक्टरांनी नळ्या घातल्या, काही सापडलं नाही. शेवटी माझ्या ओवा-सुंठीनेच बरा झाला." मी मान डोलावली. सुनंदा ताट उचलून आत गेली.

११ एप्रिल, शनिवार

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, येत्या मंगळवारची. आईला म्हटलं, तुझी तपासणी करून घेऊ. "कशाला? मला काय झालंय?" म्हटलं, वय झालं की करतात. साधी तपासणी. तिसऱ्यांदा तेच वाक्य.

उद्या करजणचा गहू येणार आहे. दर वर्षी येतो तोच. सुनंदा म्हणाली, यंदा नको, महिन्याला लागेल तसं पीठ आणू. मी म्हटलं, येऊ दे. कोठ्या रिकाम्या बघून ती काय म्हणेल याचा विचारसुद्धा करवत नाही.

१२ एप्रिल, रविवार

गहू आला. मी आईसमोर चादरीवर बसलो. वाटी मी भरली, दिवेल तिने दिलं. हाताला विसर नाही. तळहातावर तेल घ्यायचं, दाण्यांतून बोटं फिरवायची, ओंजळ उचलून बघायची. मी केलं तर गोळे झाले, तिने हात बाजूला केला. "यंत्रवाल्यांचं काम नव्हे हे."

पाला अंथरला. तिने चिठ्ठी लिहिली. मी म्हटलं, "आई, साल पण लिही."

पेन थांबलं. बराच वेळ ती कागदाकडेच बघत होती. मग चार आकडे सावकाश काढले.

कोठी भरून झाल्यावर हात पुसत म्हणाली, "गेल्या वर्षी चिठ्ठी दिसली होती मला. दिल्याचं काही आठवेना. म्हटलं, मागल्या सालची राहिली असेल. दिलं नसेल तर कीड पडेल, जास्त झालं तर काय बिघडतं."

मी चादरीवर सांडलेले दाणे वेचायला लागलो.

"अवि, तुझं पोट त्यानेच ना रे?"

"नाही गं. दुधाने. आता दूध सोडलंय ना."

सकाळीच तिच्यासमोर दुधाचा चहा प्यालो होतो. तिला आठवलं की नाही, कळलं नाही. तिने फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात तेलकट होता, पँटवर डाग पडला आहे.

१३ एप्रिल, सोमवार

१.

उद्या सकाळी अकराची वेळ. म्हणून आज लवकर निघालो, साडेचारला घरी. सुनंदा शाळेतून यायची होती.

चादर अंथरलेली. अख्खी कोठी उपसून गव्हाचा ढीग घातलेला, वर तपेली. आई ढिगाशेजारी उभी, घामाने भिजलेली. एका हातात दिवेलाची बाटली, बूच काढलेली. दुसऱ्या हातात कालची चिठ्ठी, डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेली.

मला बघितल्यावर जरा हायसं वाटलं तिला. चिठ्ठी पुढे केली.

"बरं झालं आलास. हे साल आत्ता चालू आहे तेच ना रे?"

हो म्हटलं. दोनदा म्हटलं. ती चिठ्ठीकडे बघते, मग माझ्याकडे. बाटली अजून तिच्याच हातात आहे. मी तिच्यासमोर चादरीवर बसून हे लिहितोय.